एकाच रात्री हार्डकोर आणि पॉप पंक: फ्लोअरवर उभं कुठे राहायचं?

चष्मिस

आधी दोन हार्डकोर (पंकचा जास्त वेगवान, आक्रमक प्रकार) बँड, मग पॉप पंकचा (सुरेल, सोबत गाता येणारा प्रकार) मुख्य बँड. तिकीट उभ्याचं, फ्लोअरवर खुर्च्या नाहीत. गाणी तोंडपाठ आहेत, पण प्रत्यक्ष कार्यक्रम पहिलाच. जाणकारांनी कृपया सांगा:

१. पिट (गर्दीतली नाचण्या-धडकण्याची जागा) नेमका कुठे होतो? त्यात न सापडता पुढून बघता येतं का? (उंची कमी आहे.)
२. चष्म्याचं काय करायचं?
३. इअरप्लग लावल्यावर गाणं ऐकू येतं की नुसतं घुमतं?
४. क्राउड सर्फिंग (गर्दीच्या हातांवरून आडवं पुढे जाणं) करायचंय. सुरुवात कशी करतात?

डीबीट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ड्रमरकडे असतं. पिटची जागा कोणी आखून देत नाही, पण ती ठरलेलीच असते. स्टेजपुढे लोखंडी बॅरिकेड असेल तर पहिल्या तीन-चार रांगा सोडून मधोमध. बॅरिकेड नसेल, म्हणजे छोट्या हॉलमधला हार्डकोर शो असेल, तर थेट स्टेजसमोर अर्धगोल रिकामा होतो. पहिला बँड वाजायला लागायच्या आत लोक मध्ये जागा सोडून भिंतीला टेकलेले दिसले की ती जागा 'छान रिकामी आहे' म्हणून पटकावू नका. ती मुद्दाम सोडलेली असते.

आता तालाकडे लक्ष द्या. ड्रम सुसाट, स्नेअर (कडक, तडतड्या आवाजाचा ड्रम) अखंड तडतडतोय: सर्कल पिट, म्हणजे गोल पळणं. वेग जरा उतरून उड्या मारण्याजोगा ठेका आला: टू-स्टेप, जागच्या जागी गुडघे वर आणि हात आलटून पालटून. आणि सगळे थांबले, एकटी गिटार घरघरतेय किंवा फीडबॅक (गिटारची लांबलेली कर्कश शीळ) ताणलाय, गायक काहीतरी ओरडला: आता ब्रेकडाउन. ताल निम्म्यावर येतो आणि मधले लोक हात-पाय फिरवायला लागतात. या नाचात मुठी हवेत असतात, कोणावर रोखलेल्या नसतात, पण त्या फिरण्याच्या कक्षेत तुमचं नाक आलं तर मुठीला ते कळत नाही. मधल्या माणसापासून किमान दोन हातांचं अंतर ठेवा आणि पाठ कधीच करू नका. काही जण मुद्दाम कडेच्या बघ्यांवर हात चालवत जातात, त्याला क्राउड किलिंग म्हणतात. काही ठिकाणी ते खपवून घेतात. मला विचाराल तर तो निव्वळ आडदांडपणा आहे. तसं दिसलं की सरळ तीन रांगा मागे या, वाद घालत बसू नका.

पॉप पंकमध्ये प्रकार वेगळा. तिथे ढकलाढकलीचा पिट असतो, हात खाली, खांद्याला खांदा. खरा त्रास कोरसच्या (ध्रुवपदाच्या) वेळी होतो: मागचे सगळे एकदम पुढे रेटतात. म्हणून हार्डकोरला जी जागा सुरक्षित होती ती मुख्य बँडला असेलच असं नाही. दोन बँडच्या मधल्या वेळात जागा बदला.

सर्कल पिटमध्ये शिरायचंच असेल तर उभ्या उभ्या आत पाऊल टाकू नका. कडेने त्याच दिशेने दोन-चार पावलं पळा आणि मिसळा. बाहेर पडतानाही पळत पळतच बाहेर सरका. मध्येच थांबलात की मागचे चार जण अंगावर. दिशा जवळजवळ नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी मेटल कार्यक्रमांचे व्हिडिओ तपासून 2013 मध्ये शोधनिबंध लिहिला, त्यात सुमारे 95 टक्के सर्कल पिट तसेच फिरताना आढळले. साध्या मॉश पिटमधली (म्हणजे ढकलाढकलीच्या पिटमधली) माणसं वायूच्या रेणूंसारखी वागतात, हाही त्यातलाच निष्कर्ष. (धक्के खाल्लेल्यांना यात नवल वाटणार नाही.)

कोणी पडलं तर: दोघांनी प्रवाहाकडे पाठ करून, हात पसरून आडोसा करायचा, तिसऱ्याने काखेत हात घालून उचलायचं. मनगट धरून ओढू नका, खांदा निखळू शकतो. स्वतः पडलात तर गुडघे पोटाशी, कोपरांनी डोकं झाका आणि एक हात वर. खाली बूट, फोन, चष्मा सापडला तर उचलून उंच धरून उभे राहा, मालक येतो.

कानशाबूत

तिसऱ्यावर. बंद हॉलमध्ये 100 ते 110 डेसिबल सहज भरतात. निऑश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा कारखान्यांसाठीचा हिशेब असा: 85 डेसिबलला 8 तास, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 ला 15 मिनिटं! पहिल्याच बँडची अर्धी गाणी होईपर्यंत तुमचा दिवसाचा कोटा संपला. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी कमाल मर्यादा सुचवली तीही 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबल.

फोमचे प्लग स्वस्त आणि भरवशाचे, पण ते वरच्या पट्टीचे आवाज जास्त खातात. झांजा मंद होतात, शब्द बोबडे होतात. 'नुसतं घुमतं' म्हणतात ते हेच. फिल्टरवाले, संगीतासाठीचे प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरवतात, 15 ते 20 डेसिबल. गाणी पाठ असणाऱ्याने तेच घ्यावेत.

फोमचा प्लग नव्वद टक्के लोक नुसता कानाच्या तोंडाशी अडकवतात. (आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.) आधी कोरड्या बोटांनी बारीक सुरळी करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. सुरळी आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. मग तळहातांनी कान झाका: आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही. हे बाहेरच उरका, आत घामेजल्या बोटांनी जमत नाही. आणि गाताना जबडा हलून प्लग सैल होतो, तेव्हा दर बँडनंतर तपासा.

एक गफलत सगळ्यांची होते. अगदी पुढे, मधोमध उभं राहिलं की गायकाचा आवाज गायब होतो आणि दोष प्लगला जातो. छोट्या हॉलमध्ये गिटारचे अँप आणि ड्रम स्टेजवरून थेट कानावर येतात, गाणं मात्र फक्त दोन बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून. गाणं नीट ऐकायचं तर मिक्सरच्या टेबलापुढे उभे राहा. साउंडवाला जे ऐकतो तेच तुम्ही ऐकाल.

रात्री कान वाजले तर पुढच्या खेपेस जास्त काळजी. दोन दिवसांत थांबले नाहीत तर कानाचा डॉक्टर. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर दोन दिवसही थांबायचं नाही, त्याच दिवशी जा. त्या उपचारात उशीर महागात पडतो.

मागचीरांग

डीबीटशी सहमत, एक सोडून. मधल्या माणसापासून दोन हातांवर म्हणजे पिटच्या अगदी कडेला, आणि तिथे उभं राहणं कमी उंचीच्या माणसाला वाईट. कडेचे लोक म्हणजे पिटचं कुंपण, आतला प्रत्येक जण त्यांच्यावरच आपटतो, आणि इतरांचं कोपर तुमच्या नाकाच्या उंचीला येतं. बॅरिकेडवर दिसतं छान, पण रेटा आला की बरगड्या लोखंडावर आणि मागे सरकायला जागा नाही. त्यापेक्षा स्टेजच्या एका बाजूला, पण स्पीकरच्या तोंडासमोर नव्हे. किंवा पायरी, उंचवटा, बाल्कनीचा कठडा शोधा. दारं उघडताच गेलात तरच मिळतो.

गर्दी दाटली तर हात छातीपुढे बॉक्सरसारखे, एक पाय पुढे. रेट्याविरुद्ध झगडू नका. लाट ओसरते त्या क्षणी तिरके मागे सरका, दर लाटेला थोडं थोडं. हात चेहऱ्यापर्यंत नेता येत नसेल तर गाणं कितीही आवडतं असो, तेव्हाच निघा. 2000 साली डेन्मार्कच्या रॉस्किल्डे महोत्सवात पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना स्टेजपुढच्या गर्दीत 9 जणांचा जीव गेला.

चष्मा: खेळाडू वापरतात तो घट्ट पट्टा लावा आणि जुनी जोडी घाला. लेन्स वापरत असाल तर एकदा वापरून फेकायच्या, एक जास्तीची जोडी खिशात. पिटमध्ये शिरायचं तर चष्मा डबीत, डबी चेनच्या खिशात.

उलटीटोपी

चौथा राहिला. आधी दारावरची पाटी वाचा. बऱ्याच ठिकाणी सर्फिंगला बंदी असते आणि थेट बाहेर काढतात.

खिसे रिकामे, पट्ट्याचं मोठं बक्कल, साखळ्या, अंगठ्या काढलेल्या. गर्दी दाट असेल तिथेच, वेगवान भागात नव्हे तर कोरसला. शेजारच्या दोन दणकट माणसांच्या खांद्यावर थाप मारून वर बोट दाखवा, तेवढं पुरतं. ते हातांची पायरी करतील, तिच्यावर एक पाय, खांद्यांचा आधार, आणि लगेच पाठीवर आडवे. बसून राहिलात की सगळं वजन एकाच डोक्यावर येतं आणि आपटता. पाय जुळवून, लाथा नाहीत, अंग ताठ. बॅरिकेडपाशी सुरक्षारक्षक धरतील तेव्हा अंग सैल सोडा, बाजूने चालत मागे या. आणि तुमच्या डोक्यावरून कोणी येत असेल तर दोन्ही हात वर, मान वाकवायची नाही. मानेवर वजन घेतलं की इजा होते.

स्टेज डायव्ह (स्टेजवरून गर्दीत उडी) पहिल्या खेपेस नकोच. जागेचा अंदाज चुकला तर खाली सिमेंट आहे.

जाता जाता: हातावर काळ्या मार्करची फुली काढलेले लोक दिसतील. ती स्ट्रेट एजची खूण, दारू-सिगारेट-नशा बंद. शब्द मायनर थ्रेट या अमेरिकी हार्डकोर बँडच्या 1981 मधल्या गाण्यावरून आला. त्यांना पेयाचा आग्रह नको.

चष्मिस

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवतोय. बूट जड, पोलादी टोकाचे आहेत. चालतील?

डीबीट

नाही. दुसऱ्याच्या नडगीचा विचार करा, आणि दारावरही अडवू शकतात. सपाट तळाचे, घोटा न सोडणारे कापडी बूट. नाडीला दुहेरी गाठ, टोकं आत खोचलेली.