६० मिमी रिमचे सिम्युलेशन : तिरक्या वाऱ्यात रोध वाढतो कसा?

सिंहगड_चढण (पुणे) : मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून रेसिंग सायकलच्या पुढच्या चाकाचा वायुगतिकीय अभ्यास ओपनफोम या प्रवाहाचे सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरवर करत आहे. रिम दोन, ३० आणि ६० मिमी खोलीच्या; वेग ताशी ४५ किमी; प्रवाहातील खळबळीसाठी के-ओमेगा एसएसटी मॉडेल; संपूर्ण चाकाभोवती एमआरएफ (जाळी स्थिर ठेवून फिरण्याचा परिणाम फक्त समीकरणांत धरण्याची पद्धत). वारा समोरून असताना आकडे पटण्याजोगे येतात, परंतु तो १५ अंशांनी तिरका केला की खोल रिमचा रोध (हवेचा विरोध) घटण्याऐवजी वाढतो. पवनबोगद्यातील मोजमापांचा कल नेमका उलट असतो. स्लायडिंग मेशवाचून, म्हणजे चाकाभोवतीची जाळी खरोखर फिरवल्यावाचून, गत्यंतर नाही का?

नदीकाठ : त्या खर्चात पडण्यापूर्वी रोध कोणत्या दिशेने मोजला जात आहे, ते तपासावे. सायकलस्वाराला झगडावे लागते ते प्रवासाच्या दिशेतील घटकाशी, वाऱ्याच्या दिशेतील घटकाशी नव्हे. तिरक्या वाऱ्यात खोल रिम विमानाच्या पंखासारखी वागते आणि तिच्यावरील लिफ्टचा (वाऱ्याला काटकोनात लागणाऱ्या बलाचा) काही अंश पुढच्या दिशेने येतो; 'ड्रॅगडिर' (रोध मोजण्याची दिशा ठरवणारी ओपनफोममधील नोंद) वाऱ्याच्या रेषेत ठेवला असेल, तर नेमका हाच अंश हिशेबातून गळतो.

जमिनीचेही पाहावे. आपल्या वेगाला १५ अंश म्हणजे ताशी सुमारे १२ किमीचा आडवा वारा. हवा आडवी सरकते, रस्ता सरकत नाही. म्हणून जमिनीला केवळ प्रवासाचा वेग द्यावा. हवेचा तिरका वेग जसाच्या तसा जमिनीलाही दिला, तर टायर टेकतो तेथील प्रवाह बिघडतो.

कर्वे_रोड_७२ : वरील दोन्ही मुद्दे मान्य, पण मला सबंध चाकाभोवतीचा एमआरएफच खटकतो. रिम आणि टायर अक्षाभोवती सममित असल्याने त्यांच्या पृष्ठभागाला फिरता वेग दिला की पुरते. एमआरएफ आऱ्यांपुरता (स्पोकपुरता) ठेवावा. त्यात आरे एकाच स्थितीत गोठलेले राहतात, हे खरे. तरीही दोन रिमची तुलना करण्यास तो बहुधा पुरेल. स्लायडिंग मेशमध्ये चाक सेकंदाला जवळपास सहा फेऱ्या मारते आणि अर्ध्या अंशाच्या पायरीने एका फेरीला ७२० पायऱ्या लागतात. महाविद्यालयातील संगणकावर हे कितपत झेपेल, याचा अंदाज आपणच घ्यावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ६० मिमी खोलीवर आधारित रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ राहील की खळबळेल, याचा निर्देशांक) ४५,००० च्या आसपास येतो. येथे सीमास्तर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) बराच काळ स्तरीय, म्हणजे संथ, राहू शकतो, परंतु साधे एसएसटी मॉडेल तो जवळजवळ आरंभापासूनच प्रक्षुब्ध, म्हणजे खळबळता, धरते आणि प्रवाह रिमपासून कोठे सुटतो, याचे उत्तर बदलते. स्तरीय ते प्रक्षुब्ध हा बदल कोठे होतो ते धरणारे संक्रमणाचे मॉडेल वापरून पाहावे. त्यासाठी भिंतीलगतचा जाळीचा पहिला थर ०.०२ मिमीच्या घरात ठेवावा लागेल. जाता जाता, हवेची घनता १.२२५ धरली असल्यास पुण्याच्या उंचीला आणि तापमानाला ती सुमारे १.१ किग्रॅ प्रति घनमीटर असते.

नदीकाठ : एक राहिले. तुलना वॅटमध्ये करणार असाल, तर रोध गुणिले वेग एवढ्यावर थांबू नये. चाक फिरवत ठेवण्यास लागणारा टॉर्क गुणिले कोनीय वेग हेही त्यात मिळवावे. चाकाच्या माथ्याशी आऱ्यांचा हवेच्या तुलनेतील वेग सायकलच्या जवळपास दुप्पट असतो, त्यामुळे हा वाटा नगण्य मानता येत नाही.