एकच बाग, एकच कुटुंब: माने सरस की रन्वार? (टोपणनावाने लिहिणाऱ्या तिघांचा वाद)

जवसतेल
१८७४ चा उन्हाळा, पॅरिसजवळचं आर्जांतोय. चित्रकार क्लोद मोनेच्या बागेत त्याचा चित्रकार मित्र एदुआर माने मोनेच्या कुटुंबाचं चित्र काढत होता. तेवढ्यात रन्वार हा तिसरा चित्रकार आला, मोनेकडूनच रंग, कुंचले, कॅनव्हास मागून घेतला आणि तोही चित्र काढायला बसला. (हे माने म्हसवडचे नव्हेत आणि मोने कोकणातले नव्हेत, घोळ नको.) मानेचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, रन्वारचं वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत.

कुटुंबचित्र म्हणून मानेचंच सरस. डावीकडे मागे मोने झाडांपाशी वाकलेला, मध्ये त्याची बायको कामीय पांढरा झगा गवतावर पसरून बसलेली, सहा वर्षांचा मुलगा झाँ तिला रेललेला. पुढे कोंबडा, कोंबडी आणि पिल्लू! माणसांच्या त्रिकुटाला जोड कोंबड्यांच्या त्रिकुटाची. रन्वारने बापच गाळला.

तिरपा उजेड
ही गोष्ट वाचली तुम्ही, चित्र नाही. बाप गाळला म्हणूनच रन्वार मायलेकांच्या इतका जवळ गेला. कॅनव्हास त्या दोघांनीच भरलाय. कोंबडा एका कडेला आलाय तो आगंतुकासारखा. त्या पांढऱ्या झग्यात निव्वळ पांढरा किती, ते मोजा. सावलीत निळा आहे, करडा-काळा नाही. ओल्यावर ओला रंग लावताना फटकारा एकदाच मारायचा असतो. तिथेच तीन-चारदा घासलं की खालचा हिरवा वर येतो आणि पांढऱ्याचा चिखल होतो. हा हात घाईचा खरा, पण बेफिकीर नव्हे.

जवसतेल
घाई म्हणजे गुण नव्हे. माने बाप दूर ठेवतो, तरी निळ्या रंगाने त्याला लेकाशी बांधतो. असं अंतर रचायला डोकं लागतं.

पातळ थर
दोघंही मोबाइलवर बघून भांडताय. मानेचं ६१ × ९९.७ सेंमी, रन्वारचं ५०.४ × ६८. म्हणजे पहिलं क्षेत्रफळात जवळजवळ पावणेदोन पट. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, मग रन्वारचे फटकारे उगाच बारीक वाटतात. आधी तीन मीटरवरून बघावं, मग हातभर अंतरावरून.

आणि फटकाऱ्यांवरून किंमत करायची तर आधी चित्राची प्रकृती तपासा. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा: रंगाचे उंचवटे चेपलेले दिसले, तर मागे मेण-राळ लावून गरम इस्त्रीने दुसरं कापड चिकटवल्याची शंका घ्या. मग ‘सपाट हात’ चित्रकाराचा नाही, दुरुस्ती करणाऱ्याचा. जुनं राळेचं व्हार्निश अतिनील दिव्याखाली हिरवट चमकतं, नंतरची डागडुजी काळी उठते. पिवळ्या व्हार्निशखाली निळी सावली हिरवट होते, आणि लोक त्यावर सिद्धांत मांडतात. सही सगळ्यात शेवटी बघायची, ती घालायला सर्वांत सोपी. मूळ थरात टायटॅनियम पांढरा सापडला तर १८७४ विसरा. तो चित्रकारांच्या ट्यूबमध्ये १९२० च्या सुमारास आला.

तिरपा उजेड
प्रकृतीचं मान्य. पण मूल्यमापन म्हणजे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नव्हे. व्हार्निश उतरवलं तरी रन्वारच्या चित्रात बाप येणार नाही, आणि तो नसणं चांगलं की वाईट, हे दिवा सांगणार नाही.

जवसतेल
वाईटच. निदान पिल्लू तरी ठेवायचं!