पूल्स गेममध्ये कोणीच मागे लागत नाही, तरी टरकलीय. पुढे काही येतं का?

घाबरट_गडी
मंडळी, सेलमध्ये पूल्स हा कॉम्प्युटर गेम घेतला, तो फिनलंडच्या टेन्सोरी कंपनीवाल्यांचा, एप्रिल २०२४ ला आलेला. काल रात्री साडेअकराला घरातले झोपल्यावर हेडफोन लावून बसलो आणि दोन चॅप्टर केले. प्रॉब्लेम असा की गेममध्ये काहीच झालं नाही, म्हणजे खरंच काही नाही. पांढऱ्या टाइल्स, घोट्याएवढं पाणी, घसरगुंड्या, खांब, परत टाइल्स. म्युझिक नाही, नकाशा नाही, स्क्रीनवर एक अक्षर नाही. आणि मी प्रत्येक वळणावर थांबून आधी डोकावून बघतोय, जसं काय रात्री चाळीच्या टोकाच्या संडासाला एकटा चाललोय. एकदा पाण्यातून कोरड्यावर आलो आणि छपछप जाऊन एकदम टकटक सुरू झाली, तर मी माऊस सोडून मागे सरकलो, स्वतःच्याच पावलांना घाबरून!! बंदुकीवाले झोंबी गेम मी चहा पीत खेळतो हो. तर दोन प्रश्न. पुढे भूतबित येतं का (स्पॉयलर चालेल, द्याच), आणि एका अंधाऱ्या भागात अर्धा तास तिथल्या तिथे फिरतोय त्यातून बाहेर कसं पडायचं?

टाइल्सवाला_मिस्त्री
नाही येत रे. त्यांनी गेमच्या पानावरच लिहिलंय की कोणी मागे लागणार नाही, कोणी अंगावर उडी मारणार नाही. आला तेव्हा सहा चॅप्टर होते, एकेक दहा ते तीस मिनिटांचा. पण हे वाचूनही माझा विश्वास बसला नव्हता आणि शेवटपर्यंत मी वाट बघत होतो, तीच तर गंमत आहे त्यांची. राक्षस दिसला की निदान कळतं ना, हा असा आहे, असा पळतो, इथे लपलं की वाचतो. इथे कळायला काहीच नाही.
अंधारासाठी: डावा हात भिंतीला लावलाय असं समजून चालत राहा, सोडायची नाही ती भिंत. फक्त सुरुवात आत शिरलास त्या दारापासून कर. मध्येच सुट्या उभ्या असलेल्या भिंतीला धरलंस तर तिच्याभोवतीच प्रदक्षिणा घालत बसशील, मी घातल्यात, तीन.

स्पष्टच_बोलतो
लोकांना राग येईल पण हा गेम नाही, हा मॉर्निंग वॉक आहे. खेळून दोन तास व्हायच्या आत आणि घेऊन चौदा दिवस व्हायच्या आत असशील तर स्टीमवर (जिथून गेम विकत घेतात ती साइट) रिफंड मागता येतो, बघ बाबा, कारण अख्खा गेमच तेवढ्याच्या आसपास संपतो. त्यापेक्षा एक्झिट एट घे, जपानच्या कोताके क्रिएटचा, नोव्हेंबर २०२३ चा. भुयारी रस्त्याचा एकच तुकडा परत परत येतो. काही वेगळं दिसलं की मागे फिरायचं, सगळं जसंच्या तसं असेल तर पुढे, असं करत आठ नंबर गाठायचा, चुकलास की शून्यापासून. समोरून बॅग घेतलेला एक माणूस दर फेरीला येतो, त्या माणसाचं तोंड मला आता पाठ आहे. तिथे निदान डोकं लावावं लागतं.

चोक_स्टार्टर
@स्पष्टच_बोलतो दादा पटलं नाही. एक्झिट एटमध्ये नियम माहीत असतो म्हणून भीती दहाव्या मिनिटाला संपते आणि त्याचं कोडं होतं.
मी वायरमन आहे म्हणून माझं वेगळंच सांगतो. रिकाम्या जागांना घाबरायचं हे सगळं खूळ सुरू झालं एका पिवळ्या रिकाम्या खोलीच्या फोटोवरून, त्याला बॅकरूम्स म्हणतात. मे २०१९ मध्ये फोरचॅन नावाच्या साइटवर कोणीतरी त्याखाली चार ओळी लिहिल्या, ओला गालिचा, पिवळा रंग, दिव्यांची घूं घूं, आणि साठ कोटी चौरस मैल नुसत्या रिकाम्या खोल्या. (अख्ख्या पृथ्वीचं क्षेत्रफळ वीसेक कोटी आहे, म्हणजे तिप्पट!) तो फोटो कुठला ते २०२४ मध्ये सापडलं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावचं जुनं फर्निचरचं दुकान, तिथे खेळण्यांचं नवीन दुकान व्हायचं होतं, २००२ साली काम चालू असताना काढलेला फोटो. बस. दुकानाचं रिनोव्हेशन. त्याला घाबरतंय अर्धं जग.
पण ती घूं घूं खरी आहे. जुन्या ट्यूबलाइटचा लोखंडी चोक गुणगुणतो, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची म्हणून १०० ला, त्यांच्याकडे ६० ची म्हणून १२० ला. दिवसा गोंगाटात कोणाला ऐकू येत नाही. बंद ऑफिसात रविवारी एकटं काम करा, दुपारपर्यंत डोक्यात बसते.

कोकणातली_सुमा
तुम्ही सगळे इंग्रजी नावं घेताय, याला आमच्याकडे चकवा म्हणतात 😄 रोजची पायवाट, रोजची झाडं, आणि माणूस रात्रभर त्याच बांधाला येऊन लागतो. चकवा कोणी बघितलेला नाही, तो दिसतच नाही, तो फक्त वाट फिरवतो. आजी सांगायची चकवा लागला की चालायचं नाही, आहे तिथे बसायचं, उजाडलं की घर समोरच असतं. पूल्समध्ये उजाडतच नाही, तिथे खरी बोंब आहे.
आणि घाबरट दादा, तुम्ही एकटे नाही हो. कार्डिफ विद्यापीठातल्या दोघांनी २०२२ मध्ये यावर पेपर काढलाय, नुसत्या जागांचे फोटो लोकांना दाखवून. ओळखीच्या जागेत थोडंसंच काही चुकलं की ती अंगावर येते, म्हणजे एकच वस्तू उगाच परत परत असली किंवा हवी ती नसली तर. स्विमिंग पूल आहे पण टॉवेल नाही, चप्पल नाही, शिट्टीवाला नाही, ओरडणारी पोरं नाहीत, मग कसं बरं वाटेल? मी शिक्षिका आहे, मे महिन्यात कागदपत्रांसाठी शाळेत जाते तेव्हा वरच्या मजल्यावर एकटी चढत नाही, शिपाईमामांना हाक मारते.

घाबरट_गडी
सुमाताई, चकवा 🙏 आता डोक्यातून जाणार नाही.
मिस्त्री, डाव्या भिंतीने काम झालं, वीस मिनिटांत बाहेर. बाहेर म्हणजे काय, अजून एक हॉल. मग हेडफोन काढले, गेम बंद केला, तरी ती घूं घूं येतेच आहे. पाच मिनिटं कॉम्प्युटरला कान लावून बसलो. शेवटी वर बघितलं.
चोकवाले दादा, इलेक्ट्रॉनिक चोक बसवायला किती घेता?