ठाण्याच्या जमिनीला एकच नकाशा हवा: आधी प्रणाली की आधी मोजणी?

कावेसरकर (धागा सुरू करणाऱ्या)

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची मी सचिव आहे. इमारतीला एकवीस वर्षं झाली, जमीन अजून आमच्या नावावर नाही. डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरने करून न दिलेलं जमिनीचं हस्तांतर सरकारी आदेशाने मिळवण्यासाठी, कागद गोळा करायला बसलो, तेव्हा कळलं की आमची इमारत उभी आहे ती जमीन तीन मापांची आहे. सातबाऱ्यावर ४२ आर, म्हणजे ४,२०० चौरस मीटर. मंजूर नकाशावर ४,०५०. आम्ही स्वतः माणूस लावून मोजून घेतली, तर ३,९१०. खरं कोणतं म्हणून विचारायला गेलं की प्रत्येक खिडकीवरचा माणूस आपल्या कागदापुरतं बरोबर उत्तर देतो आणि पुढच्या खिडकीकडे पाठवतो. त्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्या समोरचा कागद तेवढंच सांगतो.

हक्काची नोंद महसूल खात्याकडे. हद्दीचा नकाशा भूमी अभिलेखकडे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे. आरक्षण आणि बांधकाम परवानगी महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे, घरपट्टी तिथल्याच दुसऱ्या विभागाकडे. या पाच ठिकाणी एकाच जमिनीची ओळख एक नाही. आमच्याकडे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. नौपाड्यात माझ्या माहेरी टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर. वाशीला बहीण राहते तिच्याकडे सेक्टर आणि प्लॉट, आणि त्या प्लॉटखालचा जुना सर्व्हे नंबर तिच्या सोसायटीत एकालाही सांगता येत नाही.

माझं म्हणणं असं की ठाणे आणि नवी मुंबईसाठी एकच जमीन माहिती प्रणाली उभी करावी. जमिनीचा तुकडा हा तिचा पाया, प्रत्येक तुकड्याला भू-आधारचा १४ अंकी क्रमांक, आणि त्यावर थर: हक्क, हद्द, विकास आराखड्यातली आरक्षणं, सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकाम निर्बंधांची) रेषा, कांदळवन, वनजमीन, घरपट्टी, कोर्टातले दावे. जमीन अभिलेख संगणकावर आणायचा केंद्राचा कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. शहरांच्या जमिनी मोजण्यासाठीचा 'नक्शा' हा कार्यक्रम मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला, तोही देशातल्या १५२ शहरांत. इतकं थांबण्यात अर्थ नाही. आज आहेत त्या कागदांवर सुरुवात करा, चुका वापरता वापरता दुरुस्त होतील. विरोध असेल तर कारणासकट लिहा, मला खरंच समजून घ्यायचं आहे.

आकारफोड

ताई, तुमचा त्रास मला माहीत आहे, कारण मी भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. पण 'आज आहेत त्या कागदांवर' या चार शब्दांना माझा पूर्ण विरोध आहे.

आपले मूळ नकाशे ३३ फुटांच्या साखळीने मोजलेले आहेत. एक चौरस साखळी म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. ती मोजणी सारा ठरवण्यासाठी होती. भातखाचराच्या बांधाला दोन हात इकडेतिकडे झाले तर साऱ्यात फरक पडत नव्हता. आज त्याच बांधावर तुमची संरक्षक भिंत उभी आहे आणि दोन हातांची किंमत लाखांत आहे. शिवाय कागद जुने. एका गावाचा नकाशा माझ्या हातात आला होता, त्याच्या घडीवरच चार सर्व्हे नंबर झिजून गेले होते. त्याचं स्कॅन केलं की झीज स्वच्छ दिसते, एवढंच.

त्याहून मोठी अडचण पोटहिश्शांची. भावाभावांत वाटण्या झाल्या, फेरफार (हक्काच्या नोंदीतला बदल) झाला, सातबारे वेगळे झाले: ४५/१, ४५/२अ, ४५/२ब. नकाशावर मात्र ४५ हा एकच तुकडा, कारण पोटहिश्शाची मोजणी कुणी करून घेतलीच नाही. आता तुमची प्रणाली ४५/२ब ला क्रमांक देणार तो कुठल्या आकाराला? कुणीतरी संगणकावर अंदाजाने रेघ मारणार. ती रेघ कागदावर असती तर लोकांनी शंका घेतली असती. पडद्यावर आली की बँक, बिल्डर, कोर्टातला कारकून, सगळे तिला खरी धरणार. म्हणून आधी मोजणी, मग प्रणाली. उलट करू नका.

घणसोली गाव

आकारफोड साहेबांच्या पुढे जाऊन बोलतो. मी आगरी, गावठाणात राहतो. मला ही प्रणालीच नको, कारण तिच्यात आम्ही कसे दिसणार हे मला आत्ताच दिसतंय.

१९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली. ९५ गावांची जमीन संपादनात गेली. १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्यानंतर साडेबारा टक्के मिळाले, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढा विकसित भूखंड परत. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील साहेब, त्यांचं नाव आमच्या घराघरात आहे ते त्यामुळे. पण शेत गेलं तरी घर वाढायचं थांबत नाही. आजोबांचं एक घर होतं, त्यांना चार मुलगे, त्यांना नऊ नातू. गावठाणाची हद्द होती तिथेच राहिली. आम्ही हद्दीबाहेर बांधलं, गरजेपोटी बांधलं. कागदावर ती जमीन आमची नाही, आणि चाळीस वर्षं आम्ही तिथेच राहतोय.

आता तुमच्या नकाशात हक्काचा थर टाका आणि वर ड्रोनने घेतलेला फोटो टाका. आमची घरं एका क्लिकवर लाल. 'अतिक्रमण' लिहायला रकाना असतो. 'गरजेपोटी' लिहायला कुठल्या प्रणालीत रकाना आहे ते मला दाखवा. सोसायटीवाल्यांना त्यांची जमीन हवी, त्यात चूक काही नाही. पण तुमच्या सोयीचा नकाशा आमच्या घरावरून जाणार असेल तर आम्ही तो मान्य करणार नाही.

ऐरोली सेक्टर आठ

मी नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि मूळ धाग्याच्या बाजूने आहे. दोन गैरसमज दूर करतो.

एक, एकच प्रणाली म्हणजे सगळ्यांच्या वह्या जाळून एक नवी वही करणं नव्हे. सातबारा महसूल खात्याकडेच राहील, घरपट्टी महापालिकेकडेच. फक्त प्रत्येक नोंदीवर तुकड्याचा तोच क्रमांक असेल, म्हणजे एका ठिकाणी फेरफार झाला की बाकीच्यांना कळेल. आज खरेदीखत नोंदवलं की त्याची माहिती ई-फेरफारमधून तलाठ्याकडे जाते, ती अशाच जोडणीमुळे. त्यापुढे घरपट्टीपर्यंत आणि बांधकाम परवानगीपर्यंत साखळी न्यायची आहे.

दोन, आकारफोड यांना भीती वाटते ती रेघ खोटी खात्री देते याची. ती भीती रास्त आहे, पण उपाय रेघ न काढणं हा नाही. प्रत्येक रेघेसोबत तिची जात लिहा. ही जुन्या टिपणावरून (मूळ मोजणीच्या कच्च्या आराखड्यावरून) आली, ही ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी मशिनने मोजली, ही लगतधारकांनी सही करून मान्य केली, हिच्यावर वाद आहे. चारही वेगळ्या दिसल्या पाहिजेत. पोटहिस्सा मोजलेला नसेल तर आकारच दाखवू नका, मूळ तुकड्यावर '३ हिस्से, मोजणी नाही' असं लिहा. अपूर्ण नकाशा लपवून ठेवण्यापेक्षा अपूर्ण म्हणून दाखवणं जास्त प्रामाणिक आहे.

नवी मुंबई महापालिकेने मालमत्तांचं लायडार (लेझरने मोजण्याचं) सर्वेक्षण करून घेतलं ते करासाठी. म्हणजे कोणती भिंत कुठे आहे हे आजही शासनाला माहीत आहे, घणसोलीकर. माहीत नाही ते तुम्हाला. उघड प्रणाली असेल तर तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते तुम्हालाही दिसेल.

घणसोली गाव

दिसेल आणि मग काय? चूक लिहिलेली दिसली तर दुरुस्त कोण करणार? मोबाईलवर बोट फिरवून? आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना साडेबारा टक्क्यांची फाईल कुठल्या टेबलावर आहे हे कळायला वर्षं गेली.

टेंभीनाका वकील

जमिनीचीच प्रकरणं करतो म्हणून थोडं कायद्याचं. या चर्चेत नोंद आणि मालकी एकाच दमात बोलली जातेय.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५७: अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबाऱ्यासारखी, नोंद खरी धरायची, उलट सिद्ध होईपर्यंत. शेवटचे शब्द महत्त्वाचे. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणारा मालक आहे का याची हमी देत नाही. म्हणून आम्ही जुन्या दस्तांचा तीस वर्षांचा शोध घेतो. प्रणाली कितीही चांगली असली तरी ती या गृहीतकांचाच नकाशा काढणार.

ठाण्याचं एक उदाहरण देतो. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यामुळे घोडबंदर पट्ट्यात आणि येऊरच्या पायथ्याला कितीतरी सातबाऱ्यांवर 'खासगी वन' अशी नोंद चढली. काही ठिकाणी आधार एवढाच की वन कायद्याखाली कधीकाळी एक नोटीस निघाली होती. इमारती झाल्या, लोक राहायला आले, आणि मग नोंद समोर आली. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ जुन्या नोटिशीवरून जमीन वन ठरत नाही, असा निकाल दिला. त्याआधी अशी प्रणाली असती तर त्या इमारती हिरव्या रंगात, जंगल म्हणून दिसल्या असत्या. आणि दुसरी बाजूही सांगतो: ती नोंद फ्लॅट घेणाऱ्याला पहिल्या दिवशी नकाशावर दिसली असती, तर त्याने तो फ्लॅट घेतला असता का? या दोन्हींचा विचार करून मी प्रणालीच्या बाजूला झुकतो, पण एका अटीवर. नोंदीवर विसंबून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, हे आधी कायद्यात लिहा. ते नसेल तर शेवटी पानाच्या तळाशी 'ही माहिती फक्त संदर्भासाठी' अशी ओळ येईल आणि आपण सगळे पुन्हा त्याच खिडकीवर उभे राहू.

वाघबीळ ते विटावा

खाडीकाठचा मुद्दा कुणी घेतला नाही. खाजण जमिनी, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या. कागदावर सर्व्हे नंबर, जागेवर कांदळवन किंवा भराव. दरवर्षीचा उपग्रह फोटो त्या तुकड्यावर टाकला तर भराव कधी पडला हे तारखेसकट दिसेल. एवढ्या एका कारणासाठी मला ही प्रणाली उद्या हवी आहे. मोजणीची वाट पाहत बसलो तर मोजायला खाडी उरणार नाही.

कावेसरकर

सगळ्यांचं नीट वाचलं. ऐरोलीकरांचा 'रेघेची जात' हा मुद्दा मी माझ्या म्हणण्यात घेते आणि 'चुका वापरता वापरता दुरुस्त होतील' हे वाक्य मागे घेते. सातबारा संगणकावर आला तेव्हा हस्तलिखितातलं एक नाव आमच्या उताऱ्यातून गळलं होतं. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा आदेश मिळेपर्यंत आम्ही काय काय केलं हे मला आठवतं. आपोआप काही दुरुस्त झालं नव्हतं.

पण आकारफोड साहेब, 'आधी मोजणी' म्हणजे किती वर्षं? आमच्या गच्चीचे खांब उघडे पडलेत. जमीन नावावर नाही म्हणून पुनर्विकास नाही. ८४ कुटुंबं आहेत.

आकारफोड

सगळं शहर एकदम मोजा असं मी म्हणत नाही. एक गोष्ट आठवा. २०१७ मध्ये संगणकावरचे सातबारे गावोगाव वाचून दाखवले, चावडी वाचन म्हणून. तलाठी मोठ्याने वाचायचा आणि लोक उठून सांगायचे, 'हे नाव चुकलं', 'ही विहीर राहिली'. कार्यालयात बसून ज्या चुका सापडल्या नसत्या त्या तिथे सापडल्या. शहरात हे झालंच नाही.

तसं नकाशाचं वाचन करा. एक प्रभाग घ्या, त्याचा कच्चा नकाशा मोठा छापून प्रभाग कार्यालयात आणि गावदेवीच्या मैदानात लावा. महिनाभर राहू द्या. हरकती जागेवर लिहून घ्या, पावती द्या. मग जिथे हरकत आहे तिथेच मशीन लावा, लगतधारकांना नोटीस देऊन, सगळ्यांसमोर. जिथे वाद नाही ती हद्द मान्य धरा. सिटी सर्व्हेत चौकशी अधिकारी मिळकतीगणिक चौकशी करतो, वहिवाट पाहतो, मग सनद देतो. पद्धत कायद्यात आहेच. फक्त ती आपण गावठाणापुरती आणि जुन्या ठाण्यापुरती ठेवली आणि शहर पुढे निघून गेलं.

ऐरोली सेक्टर आठ

महिनाभर नकाशा टांगून ठेवला तर पहिल्या आठवड्यात प्रत्येक तुकड्यावर हरकत येईल. बिल्डरचा एक अर्ज आणि सगळा प्रभाग लटकेल. मुदत आणि अपिलाचा क्रम ठरवल्याशिवाय हे होणार नाही.

आकारफोड

मुदत ठेवा. फेरफारालाही हरकतीचे १५ दिवस असतातच. पण हरकती येतील म्हणून विचारायचंच नाही, हे मला पटत नाही. हरकत येते म्हणजे वाद आधीपासून आहे.

घणसोली गाव

मैदानात नकाशा लावणार असाल तर मी येऊन बघेन. पण माझी अट लिहून घ्या. हक्काच्या थराशेजारी वहिवाटीचा थर पाहिजे. घर कधीचं, किती पिढ्या, वीजबिल कोणत्या सालचं, घरपट्टी कोण भरतं. मालकी द्या असं म्हणत नाही, ती लढाई वेगळी आहे. पण इथे कुणी राहतं हे नकाशाला माहीत असलं पाहिजे. आणि आमच्या घरावर 'वाद' लिहा, 'अतिक्रमण' नको. तो निकाल नकाशा काढणाऱ्याने द्यायचा नाही.

टेंभीनाका वकील

शेवटची अट कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख लिहा, नसेल तर तो शब्द वापरू नका. मात्र वीजबिल, पिढ्या, कुटुंबातली नावं हे सगळ्या जगाला दिसता कामा नये. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे. हद्द आणि आरक्षण सर्वांना उघड, राहणाऱ्यांचा तपशील फक्त त्या घराला आणि चौकशी अधिकाऱ्याला.

कावेसरकर

घणसोलीकर, तुमचा थर मी लिहून घेतला. आमच्या प्रभागात अर्ज देणार आहोत, त्यात तो असेल.

आकारफोड साहेब, तोपर्यंत आमच्या ३,९१० चं काय करू?

आकारफोड

खासगी माणसाकडून मोजलेलं बाजूला ठेवा, ते कुणी धरणार नाही. भूमी अभिलेखकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करा. त्याआधी मूळ सर्व्हे नंबरच्या टिपणाची, फाळणीची (हिश्शांच्या नकाशाची) आणि कमी-जास्त पत्रकाची (क्षेत्रातल्या बदलांच्या नोंदीची) नक्कल मागा. रस्तारुंदीकरणात काही गेलं असेल आणि सातबाऱ्यावर क्षेत्र कमी झालं नसेल, तर तुमचे १५० चौरस मीटर तिथे सापडतील. राहिलेल्या १४० साठी तुमची उत्तरेची भिंत आणि शेजारच्या लेआउटचा नकाशा एकत्र बघावा लागेल. मोजणीच्या दिवशी शेजारच्या सोसायटीचा सचिव हजर राहील एवढं बघा. त्याच्यासमोर खुणा दाखवल्या की 'क' प्रतीला, म्हणजे मोजणीच्या नकाशाला, वजन येतं.