मदत हवी आहे: ऊसतोड टोळीत मलेरिया, गोळ्या पुऱ्या कशा होतील?

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. रानाला लागून बीडकडच्या टोळीच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) आहेत. त्यातल्या एका बाईला थंडी वाजून ताप आला, रक्त तपासलं तर व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विनचे ३ दिवस झाले, ताप उतरला. प्रायमाक्विन मात्र १४ दिवस घ्यायचं आहे आणि तिथंच घोडं अडलंय. आशाताई गोळी घेऊन येतात तेव्हा ही फडात असते. ताप गेला म्हणजे आजार गेला, असं तिचं म्हणणं. खाडा पडला की पैसे कापतात, आगाऊ घेतलेली उचल फिटायची तशीच राहते. त्यात टोळी लवकरच दुसऱ्या गावाला हलणार. गोळ्या सुटल्या तर यकृतात दडलेला जंतू काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत उठू शकतो, असं डॉक्टर म्हणाले.

गावात वेगळंच चाललंय. "ह्यांनीच रोग आणला, कोप्या हलवा." जंतू त्यांच्या अंगातून आला असेलही, पण डास काय बीडहून ट्रॅक्टरमध्ये बसून आले? पाटाची गळती आमची, तुंबलेल्या चरी आमच्या. आमच्या खिडक्यांना जाळ्या आहेत, त्यांना पाचट आणि ताडपत्री.

गोळ्यांचं आणि पाण्याचं काय करावं? जळकं ऑइल ओतू का?

प्रतिसाद १: पाटात ऑइल अजिबात नको. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात, म्हणून पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. चरी बुजवा, उपसता न येणाऱ्या टाकीत गप्पी मासे सोडा. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. मच्छरदाण्या द्याच, पण रात्री गाड्या भरणाऱ्यांना त्यांचा काय उपयोग? त्यांना पूर्ण बाह्यांचे शर्ट.

प्रतिसाद २: गोळी पहाटे, फडावर जायच्या आधी, काहीतरी खाऊन. गरोदर असेल तर प्रायमाक्विन चालत नाही, हे आधी विचारा. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना. उरलेल्या गोळ्या आणि केसपेपर सोबत द्या, आरोग्यसेवकाला पुढच्या गावच्या केंद्रात फोन करायला लावा. बाकी टोळीचंही रक्त तपासून घ्या.

धागाकर्ता: ती गरोदर आहे का, हे कुणी विचारलंच नाही बहुतेक. आशाताईंना आत्ताच फोन लावतो. मुकादमाशी संध्याकाळी बोलतो, रक्त तपासायच्या दिवशी खाडा धरू नको म्हणून. त्याला कसं पटवायचं, ते कुणी सांगेल का?