मदत हवी आहे: ओ पॉझिटिव्ह गरोदर रुग्ण, ओ गटाच्या सगळ्या पिशव्या इनकम्पॅटिबल (न जुळणाऱ्या)

पेढीतला_फोंडा

जाणकारांनी मार्गदर्शन करावे. रुग्ण २९ आठवड्यांची गरोदर, पहिलटकरीण, आधी कधीही रक्त चढवलेले नाही. हिमोग्लोबिन ७.८, वजन ५५ किलो. रक्तस्राव नाही, पण डॉक्टरांना बाळंतपणासाठी दोन पिशव्या हाताशी हव्या आहेत.

ग्रुपिंग: अँटी-ए शून्य, अँटी-बी शून्य, अँटी-डी ४+ (शून्य ते ४+ या मापात सर्वांत जोरकस). रिव्हर्समध्ये (तिचा प्लाझ्मा ठराविक गटाच्या तांबड्या पेशींशी, म्हणजे सेलशी, लावून) ए१ सेल ४+, बी सेल ४+. म्हणजे ओ पॉझिटिव्ह. तिच्या जुन्या कार्डावरही तेच आहे.

सहा ओ पॉझिटिव्ह पिशव्या तिच्या प्लाझ्माशी जुळतात का ते बघायला जेल कार्डवर लावल्या (०.८ टक्के सेल ५० मायक्रोलिटर, प्लाझ्मा २५, ३७ अंशांवर १५ मिनिटे). सहाही ४+. तीन सेलचे अँटीबॉडी स्क्रीनिंगही तिन्हींत ४+. ऑटो कंट्रोल (तिचाच प्लाझ्मा, तिचेच सेल) निगेटिव्ह, डीसीटी (सेलला आधीच अँटीबॉडी चिकटली आहे का ही तपासणी) निगेटिव्ह.

एकापेक्षा जास्त अँटीबॉडी असाव्यात का? कोणती अँटीबॉडी ते ओळखायला ११ सेलचे पॅनल मागवू का? आणि तोवर गरज पडलीच तर त्यातल्या त्यात कमी इनकम्पॅटिबल पिशवी द्यायची का?

उलेक्स

पॅनल राहू द्या. आधी एवढे सांगा: रिव्हर्समध्ये ओ सेल लावला होता का?

पेढीतला_फोंडा

नाही. आमच्याकडे रिव्हर्सला ए१ आणि बी एवढेच लावतात.

उलेक्स

मग गाडी तिथेच अडली आहे. तुमच्या स्क्रीनिंगचे तिन्ही सेल आणि सहाही पिशव्या ओ गटाच्या आहेत. सगळीकडे सारखाच ४+ आणि स्वतःच्या सेलशी शून्य, म्हणजे अँटीबॉडी अशा अँटिजेनविरुद्ध आहे जो जवळजवळ सगळ्यांकडे असतो, पण हिच्याकडे नाही. रक्त कधी घेतलेले नाही, गर्भारपणही पहिलेच, तरी प्रतिक्रिया इतकी जोरकस. माझा पहिला संशय अँटी-एचवर, म्हणजे बॉम्बे ग्रुपवर (ज्यांच्या सेलवर ए, बीचा पाया असलेला एच अँटिजेनच नसतो असा दुर्मिळ गट). डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत नोंदवलेला तोच. आपल्या पट्ट्यात काम करणाऱ्याने तो नेहमी ध्यानात ठेवायला हवा.

आज एवढे करा:

१. साध्या ट्यूबमध्ये, साध्या तापमानाला, दोन थेंब सीरम आणि एक थेंब ५ टक्के ओ सेल. दुसरी ट्यूब ४ अंशांवर, तिसरी ३७ वर. बॉम्बेची अँटी-एच तिन्हीकडे लागते. फक्त थंडीत लागून ३७ ला विरली, तर प्रकरण वेगळे.

२. यासाठी ईडीटीए प्लाझ्मा नको, प्लेन ट्यूबचे ताजे सीरमच घ्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतो, त्यामुळे कॉम्प्लिमेंट (सेल फोडणारी रक्तातली प्रथिने) चालत नाही आणि हिमोलायसिस (सेल फुटणे) दिसत नाही. सीरममध्ये वरचे पाणी गुलाबी-लाल झाले तर तोही पॉझिटिव्हच धरायचा. गाठी नाहीत म्हणून निगेटिव्ह लिहिले, की घात.

३. तिच्या सेलना अँटी-एच लेक्टिन (एच असेल तर सेलच्या गाठी करणारे वनस्पतीतले प्रथिन) लावा. कंट्रोल म्हणून ओ सेल ठेवा, तो ४+ आलाच पाहिजे. ए१ सेल फिका येतो, त्यावरून लेक्टिन बिघडले असे समजू नका.

४. प्रसूती विभागातून ओ गटाच्या बाळाचे नाळेचे रक्त मिळाले तर तेही लावा. अँटी-आय किंवा अँटी-एचआय (थंडीत लागणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडी) असेल तर नाळेच्या सेलशी प्रतिक्रिया खूप कमी होते, बॉम्बेच्या अँटी-एचची होत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: नाही. 'कमी इनकम्पॅटिबल' हा हिशेब ऑटोअँटीबॉडीच्या रुग्णांत होतो. इथे ओ पिशवीतला प्रत्येक सेल एच अँटिजेनने भरलेला आहे. थोडेसे रक्त गेले तरी रक्तवाहिनीतच हिमोलायसिस होऊन मूत्रपिंडांवर येऊ शकते. फाइलवर आजच लाल शाईत लिहा: ओ गटाचे रक्त देऊ नये.

पेढीतला_फोंडा

ओ सेल तिन्ही तापमानांना ४+, आणि ३७ च्या ट्यूबमध्ये हिमोलायसिस स्पष्ट. लेक्टिन तिच्या सेलशी शून्य, कंट्रोल बरोबर. नाळेच्या ओ सेलशीही ४+. लुईस (वेगळी रक्तगट प्रणाली) ए आणि बी दोन्ही निगेटिव्ह आले, त्याचा काय अर्थ लावू?

उलेक्स

लुईसवर भिस्त ठेवू नका, गरोदरपणात तो फिका पडतो. बाकी चित्र बॉम्बेचेच. पॅरा-बॉम्बे (सेलवर अगदी थोडा ए, बी किंवा एच उरलेला प्रकार) वगळायला अ‍ॅड्सॉर्प्शन-इल्युशन (अँटीबॉडी सेलवर चिकटवून पुन्हा सोडवून बघणे) लागेल. त्यासाठी ५ मि.लि. प्लेन आणि ५ मि.लि. ईडीटीए नमुना मुंबईला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या एनआयआयएचकडे (राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था) पाठवा. आयसीएमआरच्या या संस्थेकडे दुर्मिळ दात्यांची नोंदवहीही आहे, तेव्हा एकाच पत्रात दोन्ही मागण्या करा. आरएच पॉझिटिव्ह हे पत्रात ठळक लिहा.

आणि सख्ख्या भावंडांना लगेच बोलवा. वारसा अप्रभावी असल्यामुळे प्रत्येक भावंडाची शक्यता चारात एक. आईवडील बहुधा वाहक, त्यांचा उपयोग नाही. एक थेंब सेल, एक थेंब लेक्टिन, एवढ्यात चाळणी होते. 'माझ्या कार्डावर ओ आहे' हे ऐकून कोणाला परत पाठवू नका, हिच्याही कार्डावर तेच होते.

मांडवीकाठ

भावंड सापडले तर दोन गोष्टी सांभाळा.

एक, वेळ. दात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे. रक्त आत्ता काढू नका. सीपीडीए-१ या टिकवण द्रवातली पिशवी ३५ दिवस टिकते, एसएजीएममधली ४२. आज काढलेली पिशवी बाळंतपणाआधीच बाद होईल, आणि तोच दाता पुन्हा द्यायला पुरुष असेल तर तीन महिने, बाई असेल तर चार महिने थांबावे लागेल. छत्तिसाव्या आठवड्यात काढली तर एसएजीएम नीट पुरते.

दोन, रेडिएशन. सख्ख्या नात्यातले रक्त २५ ग्रे (किरणांचे माप) इरॅडिएट केल्याशिवाय देऊ नये. दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) रुग्णाच्या शरीरात परक्या ठरत नाहीत, तिथे तग धरून रुग्णावरच उलटतात. ट्रान्सफ्यूजन-जीव्हीएचडी नावाचा हा आजार क्वचितच होतो, पण झाला तर रुग्ण सहसा वाचत नाही. पांढऱ्या पेशी गाळणारा ल्यूकोफिल्टर लावला म्हणून भागत नाही. ब्लड इरॅडिएटर नसेल तर रेडिओथेरपीच्या लिनॅक यंत्रावर होते, मात्र तिथल्या फिजिसिस्टशी आधी बोलून ठेवा. रात्री दोन वाजता मशीन कोणी चालू करत नाही, म्हणून सदतिसाव्या आठवड्यानंतर लगेच करून घ्या. मग मुदत २८ दिवस किंवा मूळ तारीख, जी आधी येईल ती.

पिशवी मुंबईहून किंवा चोर्ला घाटाने बेळगावहून आणायची असेल तर परवानाधारक पेढीकडून पेढीकडेच, नातेवाइकाच्या पिशवीतून नव्हे. प्रवासात २ ते १० अंश, पोहोचल्यावर २ ते ६. बर्फाचे पॅक आणि रक्ताची पिशवी यांच्यामध्ये पुठ्ठा घाला. गोठलेले सेल फुटतात, आणि हा प्रकार गाडीला उशीर झाला म्हणून वाटेत कोणी जास्तीचा बर्फ भरला की होतो. कोकण रेल्वेने आणणार असाल तर पावसाळी वेळापत्रक बघून घ्या. डेटा लॉगर नसला तर निदान थर्मामीटर आत ठेवा.

गायनॅक_मडगाव

पिशव्या शोधाच, पण त्या लागू नयेत याची तयारी आजपासून करता येते. वजन ५५ × (हवे असलेले हिमोग्लोबिन ११ − आताचे ७.८) × २.४ + साठ्याचे ५०० म्हणजे साधारण ९२० मि.ग्रॅ. लोह. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज १००० मि.ग्रॅ. एका वेळी शिरेतून देता येते, फरक दिसायला दोन-तीन आठवडे. आधी फेरिटिन (लोहाचा साठा) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार) करा. थॅलेसेमिया मायनर असेल तर अपेक्षा बदलते, आणि लोह कमी असताना थॅलेसेमिया मायनर ओळखायला बघतात तो एचबीए२ खोटा कमी दिसू शकतो हेही ध्यानात असू द्या. बाळंतपण बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिथे चोवीस तास रक्तपेढी आहे तिथेच ठरवा. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम ट्रेमध्ये तयार असावे. बाळाची डीसीटी, हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन जन्मल्याबरोबर, कारण अँटी-एचचा आयजीजी भाग वारेतून जाऊ शकतो.

पेढीतला_फोंडा

देव बरें करूं सगळ्यांचें. एका भावाचे लेक्टिन शून्य आले आहे, सीरम ओ सेलशी ४+. त्याला छत्तिसाव्या आठवड्याची तारीख दिली आहे. एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) लागला तर तोही बॉम्बेचाच हवा का?

उलेक्स

नको. तिच्या सेलवर ए, बी, एच काहीच नाही, त्यामुळे कोणत्याही गटाच्या प्लाझ्मातल्या अँटी-ए, अँटी-बीला धरायला जागाच नाही. उलट बाजूने मात्र सांभाळा: भावाच्या पिशवीतून सुटा झालेला प्लाझ्मा दुसऱ्या गटाच्या कोणत्याही रुग्णाला जाऊ देऊ नका. फॉरवर्डला (सेलच्या ग्रुपिंगला) ओ दिसतो म्हणून सॉफ्टवेअर त्यावर ओचेच लेबल छापेल. ते हाताने रद्द करून 'बॉम्बे' लिहा आणि त्याची संमती असेल तर एक-एक मि.लि.च्या व्हायल करून उणे २० ला ठेवा. पुढच्या संशयित नमुन्याच्या सेलवर तपासायला अँटी-एच हाताशी राहील. त्यात अँटी-ए, अँटी-बीही असतात, म्हणून फॉरवर्डला ओ दिसणाऱ्या नमुन्यांपुरतेच वापरा.