'गेम ऑफ थ्रोन्स' पाहून झालंय; पुस्तकं कुठून धरावीत?

रातवा:
आठही सीझन पाहून झालेत. आता जॉर्ज आर. आर. मार्टिनची मूळ पुस्तकं वाचायची आहेत. पाच पुस्तकं मिळून चार हजारांहून जास्त पानं, आणि पहिल्या चार सीझनची गोष्ट तर तोंडपाठ आहे. मालिकेने पाचव्या सीझनपासून पुस्तकांची वाट सोडली असं सगळेच सांगतात. मग पहिली तीन पुस्तकं सोडून थेट चौथं हातात घेतलं तर चालेल का? नसेल, तर नेमकं काय गाळता येईल? आणखी एक, पुस्तकं पाच असताना दुकानात सात पुस्तकांचा संच कसा काय दिसतो? मालिकेतलं काहीही उघड लिहा, पुस्तकात जे वेगळं घडतं ते जरा जपून.

उंबरठा:
थेट चौथं घेऊ नका.

सीझन आणि पुस्तकांचा मेळ ढोबळमानाने असा. पहिला सीझन म्हणजे 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६), दुसरा म्हणजे 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' (१९९८). 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' (२०००) तिसऱ्या आणि चौथ्यात वाटलं गेलं. पाचव्यात 'अ फीस्ट फॉर क्रोज' (२००५) आणि 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' (२०११) ही दोन्ही कोंबली आणि उरलेले तुकडे, म्हणजे लोहबेटांवरची राजाची निवड, रिव्हररनचा वेढा वगैरे, सहाव्यात आले. पण हे फक्त घटनांचं झालं. बदल दुसऱ्या सीझनपासूनच सुरू होतात. तेव्हा ते किरकोळ वाटतात, आणि चौथं-पाचवं पुस्तक नेमकं त्याच किरकोळ गोष्टींवर उभं आहे.

सगळ्यात ठळक उदाहरण टिरियनचं. तायशाची गोष्ट, म्हणजे त्याचं पहिलं लग्न आणि बापाने, टायविनने, तिचं काय केलं, ती मालिकेत पहिल्या सीझनमध्ये तो ब्रॉन आणि शे यांना तंबूत सांगतो. तिचा दुसरा अर्धा भाग तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी येतो, जेमी त्याला कोठडीतून सोडवतो तेव्हा. मालिकेत तिथे दोघे भाऊ गळाभेट घेऊन निरोप घेतात. पुस्तकात जेमी एक कबुली देतो, टिरियन त्यावर मुद्दाम दोन वार करतो, त्यातला एक बहीण सर्सीबद्दलच्या वाक्याचा, आणि दोघे कायमचे वैरी होऊन वेगळे होतात. चौथ्या पुस्तकात जेमीच्या डोक्यात ते वाक्य सतत घुमत राहतं. पाचव्यात टिरियन भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत फिरतो. ते प्रकरण वाचलेलं नसेल तर चौथ्यातला जेमी बहिणीवर विनाकारण चिडलेला वाटेल आणि पाचव्यातला टिरियन नुसता खुळावलेला.

त्यात भर म्हणजे चौथ्या पुस्तकात जॉन, डॅनी (डेनेरिस) आणि टिरियन यांच्या नजरेतून एकही प्रकरण नाही. सर्सीची १०, ब्रिएनची ८, जेमीची ७, आणि बाकी सॅम, सान्सा, आर्या आणि डॉर्न व लोहबेटांची नवी मंडळी. मालिकेच्या ओढीने आलेला वाचक इथेच पुस्तक मिटतो.

माझं मत: पहिलं गाळलं तरी निभेल, दुसरं निवडून वाचा, तिसरं अख्खं वाचा, आणि चौथ्या-पाचव्यातलं काहीही सोडू नका.

पानगळ:
तिसऱ्याबद्दल सहमत. पहिलं गाळण्याबद्दल मुळीच नाही.

पहिला सीझन पुस्तकाशी इमानदार आहे हे खरं, पण घटनांपुरता. पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण एकेका पात्राच्या डोक्यात बसून लिहिलंय. पहिल्या पुस्तकात असे आठ जण आहेत आणि पूर्वपीठिका धरून ७३ प्रकरणं. एडार्डच्या (म्हणजे नेड स्टार्कच्या) वाट्याला १५ येतात. मालिकेत त्याच्या भूमिकेतला शॉन बीन गप्प बसलेला दिसतो. पुस्तकात त्याच वेळी तो काय आठवतोय आणि कोणतं वाक्य मनातसुद्धा पुरं करत नाही, ते कळतं. जॉनच्या जन्माचं कोडं मालिकेने सहाव्या सीझनमध्ये उघड केलं. पुस्तकात त्याच्या खुणा पहिल्या भागापासून पेरलेल्या आहेत, आणि उत्तर माहीत असणाऱ्याला त्या शोधण्यात जास्त मजा येते. म्हणजे मालिका पाहिलेल्यांनी तर पहिलं पुस्तक वाचायलाच हवं, असं माझं उलटंच म्हणणं आहे.

तरी वेळ नसेल तर किमान एवढं वाचा.

पहिल्या पुस्तकातून: एडार्डचं पहिलं (तळघरातल्या समाध्या), दहावं (तापातलं स्वप्न, तीन पांढरे झगे आणि मनोरा) आणि पंधरावं (कोठडीत आठवलेली हॅरनहॉलची स्पर्धा, मालिकेत ही हकिकत पाचव्या सीझनमध्ये लिटलफिंगर सान्साला सांगतो). टिरियनचं सहावं, तायशासाठी.

दुसऱ्यातून: पूर्वपीठिका, ड्रॅगनस्टोनच्या म्हाताऱ्या मेस्टरची. थिऑनची सहाही प्रकरणं, कारण पाचव्या पुस्तकातला त्याचा भाग या पायाशिवाय अर्धाच पोचतो. डॅनीचं चौथं. दुसऱ्या पुस्तकात तिची पाचच प्रकरणं आहेत. मालिकेत कार्थमध्ये तिचे ड्रॅगन चोरीला जातात. पुस्तकात तसलं काही होत नाही. त्याऐवजी त्या मांत्रिकांच्या वाड्यात तिला दृश्यांची रांगच दिसते: एक बाळ, बाहुल्यांच्या खेळातला कापडी ड्रॅगन, तीन डोकी असलेल्या ड्रॅगनचा उल्लेख. यातलं जवळजवळ काहीच पडद्यावर आलं नाही, आणि पाचव्या पुस्तकातलं एक अख्खं नवं कथानक त्यातल्या एका दृश्यावर टांगलेलं आहे. याहून जास्त फोडत नाही.

तिसऱ्यात निवड करूच नका. तरी करणार असाल तर ब्रॅनचं दुसरं (मीरा आणि जोजेन एका अनामिक सरदाराची गोष्ट सांगतात), कॅटलिनचं पाचवं (रॉब वारसाचा कागद करतो, मालिकेत हा कागदच नाही), टिरियनचं शेवटचं, आणि उपसंहार. उपसंहार सोडला तर चौथ्यात ब्रिएनसोबत काय घडतंय ते कळणार नाही.

तिरपी ओळ:
सात पुस्तकांच्या संचाबद्दल. भारतात मुख्यतः हार्परकॉलिन्सची ब्रिटिश आवृत्ती मिळते. तिच्या पेपरबॅकमध्ये तिसऱ्याचे दोन भाग केलेत, 'स्टील अँड स्नो' आणि 'ब्लड अँड गोल्ड'. पाचव्याचेही दोन, 'ड्रीम्स अँड डस्ट' आणि 'आफ्टर द फीस्ट'. म्हणून पाचाचे सात दिसतात. अमेरिकन आवृत्तीत पाचच असतात. सुटी पुस्तकं मागवताना पाठीवर 'पार्ट वन' आहे की 'पार्ट टू' ते बघा, विशेषतः जुनी विकत घेताना. विक्रेते नुसतं 'स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' लिहितात आणि हातात अर्धंच पडतं. 'लाल लग्न' (रेड वेडिंगचं हत्याकांड) दुसऱ्या भागात आहे.

आता चौथं-पाचवं. ही दोन्ही एकामागून एक घडत नाहीत, बरीचशी एकाच काळात घडतात. मार्टिनने एकाच मोठ्या पसाऱ्याची फाळणी प्रदेशांनुसार केली. पाचवं साधारण दोन तृतीयांश झाल्यावर चौथ्याच्या शेवटाला गाठतं आणि तिथून सर्सी, जेमी, आर्या परत दिसू लागतात. सॅमचं चौथ्यातलं पहिलं प्रकरण आणि जॉनचं पाचव्यातलं दुसरं यात तर एकच संवाद दोन्ही बाजूंनी लिहिलाय.

म्हणून चाहत्यांनी दोन्हींची प्रकरणं गुंफून क्रम तयार केलेत. 'बॉइल्ड लेदर' आणि 'बॉल ऑफ बीस्ट्स' हे त्यातले प्रसिद्ध, जालावर सहज सापडतात. चौथ्याची ४६ आणि पाचव्याची ७३ मिळून ११९ प्रकरणांचं एकच पुस्तक होतं. कोऱ्या पाटीच्या वाचकाला मी हे सुचवणार नाही. मालिका पाहून आलेल्याला जॉन-डॅनी-टिरियनसाठी अख्खं पुस्तकभर थांबायचा कंटाळा येतो, त्याला हे सोयीचं. छापील प्रती असतील तर दोन पुस्तकं आणि दोन खुणा सांभाळाव्या लागतात. सात पुस्तकांच्या संचात तीन. ई-बुकवर त्याचा फारसा त्रास नाही.

रातवा:
म्हणजे गाळायचा हिशोब पुस्तकांवर नाही, प्रकरणांवर करायचा. पण नावांचा गोंधळ होणार नाही का? मालिकेतले चेहरे डोक्यात पक्के बसलेत.

उंबरठा:
होणार. त्यासाठी सुरुवात करण्याआधी हे वाचून ठेवा. इथे थोडं फोडल्याशिवाय गत्यंतर नाही.

काहींची नुसती नावं बदललीत. थिऑनची बहीण यारा पुस्तकात आशा आहे. मालिकेत आधीच ओशा असल्याने तिचं नाव बदललं. 'व्हेल' नावाच्या खोऱ्याच्या गादीवरचा पोरगा रॉबिन म्हणजे रॉबर्ट. काही माणसं पुस्तकात मुळी नाहीतच: टलिसा, रॉस, ऑली. रॉबची बायको जेन वेस्टरलिंग, आणि लग्न तो आपल्याला न दाखवताच करून येतो. उलट मालिकेने वगळलेले: हायगार्डनच्या टायरेल घराण्यात लोरासखेरीज विलास आणि गार्लन हे आणखी दोन मुलगे आहेत. लोरास तिसऱ्या पुस्तकापासून राजरक्षकांत आहे (त्यांना लग्न करता येत नाही), त्यामुळे सर्सीशी त्याच्या लग्नाचा प्रश्नच येत नाही.

काहीजण मालिकेत गेलेत आणि पाचव्या पुस्तकापर्यंत जिवंत आहेत. बॅरिस्टनला तर स्वतःची प्रकरणं आहेत. डोरान मार्टेल, मर्सेला, शिरीन, जोजेन हेही आहेत. विंटरफेलमध्ये रॅमसेशी लग्न सान्साचं होत नाही. ती चौथ्याच्या शेवटीही व्हेलमध्येच आहे आणि तिच्या प्रकरणांवर 'अलेन' असं नाव येतं. जेमी डॉर्नला जात नाही, रिव्हरलँड्समध्ये जातो.

चेहऱ्यांचंही तसंच. ब्लॅकवॉटरच्या लढाईत टिरियनचं बरंचसं नाक जातं, मालिकेत फक्त व्रण आहे. पाचव्यात त्याच्या नाकाचे टोमणे पानोपानी आहेत. वयं तर बघूच नका: पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला जॉन १४, डॅनी १३, आर्या ९.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी घराण्यांची यादी असते. तीतून कोण जिवंत, कुणाचा कोण हे पटकन सापडतं. मात्र ज्या पुस्तकात आहात त्याचीच यादी उघडा. पुढच्या पुस्तकाची चाळलीत तर मधले सगळे मृत्यू एका पानावर कळतील.

सांजपाखरू:
चर्चेला थोडं वळण देतो, कारण 'मालिका पाहिली, पुस्तकं गाळू का' याला एकच उत्तर नसतं. 'द एक्स्पान्स' ही विज्ञानकथा मालिका घ्या. नऊ कादंबऱ्या, सहा सीझन, आणि सहावा सीझन सहाव्या पुस्तकाच्या शेवटाशी येऊन थांबतो. सातव्या पुस्तकात कथा सुमारे तीस वर्षं पुढे उडी मारते. तिथे मी बिनधास्त सांगेन, सातव्यापासून वाचा. दोनच गोष्टी ध्यानात ठेवायच्या. मालिकेत पाचव्या सीझनच्या शेवटी ॲलेक्स मरतो, पुस्तकात तो जिवंत आहे आणि जहाज चालवतोय. आणि ड्रमर ही मालिकेत तीन-चार पात्रं एकत्र करून घडवलेली बाई आहे, पुस्तकातली तितकी ओळखीची वाटणार नाही. सहाव्या सीझनमधला लॅकोनिया ग्रहावरच्या मुलांचा भाग 'स्ट्रेंज डॉग्ज' या छोट्या कथेतून घेतलाय; सातव्याआधी तेवढी वाचा.

फरक का पडतो? तिथे लेखकद्वय स्वतः मालिकेच्या लेखनात शेवटपर्यंत होतं आणि पुस्तकं मालिकेच्या पुढे होती. मार्टिनने पहिल्या चार सीझनना प्रत्येकी एक भाग लिहिला, नंतर नाही. पुस्तकं संपल्यावर मालिकेने स्वतःचा शेवट गाठला. त्यामुळे इथे 'मालिका थांबली तिथून पुढे' असं पानच अस्तित्वात नाही. सहावं पुस्तक अजून आलेलं नाही.

रातवा:
ठीक. पहिल्यातली चार प्रकरणं, दुसऱ्यातली आठ, तिसरं अख्खं, मग चौथं-पाचवं गुंफून. एक शेवटचं: 'एडार्डचं दहावं' ओळखायचं कसं? किंडलवर अनुक्रमणिकेत नुसती नावंच दिसतायत.

पानगळ:
पुस्तकात आकडे नाहीतच, ते चाहत्यांनी सोयीसाठी दिलेत. अनुक्रमणिकेत 'एडार्ड' हे नाव वरून मोजत या, दहाव्यांदा येईल ते. पूर्वपीठिका मोजायची नाही. ही मोजणी प्रत्येक पुस्तकात नव्याने सुरू होते. चौथ्या-पाचव्यात एक भानगड आहे: बऱ्याच प्रकरणांवर नावाऐवजी बिरुद असतं, आणि एकाच माणसाचं बिरुद बदलत जातं. थिऑन पाचव्यात 'रीक' म्हणून सुरू होतो. गुंफलेल्या क्रमाच्या याद्यांमध्ये ही बिरुदं जशीच्या तशी दिलेली असतात, तेव्हा तिथे मोजत बसावं लागणार नाही. दुसऱ्यातली थिऑनची सहा मात्र एका दमात वाचू नका. त्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये ब्रॅनचं सहावं प्रकरण येतं, तेही सोबत घ्या. विंटरफेलचा किल्ला घेतला जातो तो दोन्ही बाजूंनी दिसायला हवा.